आजोबांची दुनळी: घोड्याची जुनी बंदूक ओळखायची कशी, जपायची कशी

आमच्या घरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, पणजोबांनी घेतलेली. तिचे घोडे, म्हणजे चाप दाबला की आपटून बार पेटवणारे खटके, बाहेरून दिसतात. आजोबा गेले, परवाना काकांच्या नावावर झाला, आणि काकांनी पहिलं काम केलं ते बंदूक ‘नवी’ करून आणण्याचं. एका कारागिराने ती बफिंगच्या चाकावर धरली. परत आली तेव्हा नळ्या स्टीलच्या ताटासारख्या चकाकत होत्या. नळ्यांवरची नागमोडी नक्षी गेली होती आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव अर्धं पुसलं होतं. वाचला तो एकच ठसा, कारण तो नळ्यांच्या पोटाशी, पुढच्या लाकडाच्या आड होता: अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ ही तीन अक्षरं आणि त्यांच्याखाली तारा. तेवढ्यावरून कळलं की बंदूक बेल्जियममधल्या लिएजची, आणि ठशावर मुकुट नाही म्हणजे १८९३ च्या आधीची. बाकी सगळं त्या चाकाने खाऊन टाकलं.

ही गोष्ट आधी सांगतो, कारण घरातली जुनी दुनळी हातात आली की बहुतेकांचं मन पहिल्यांदा पॉलिशकडेच धावतं. जुन्या बंदुकीचं गाव, वय, ताकद, तिने काय सोसलंय, हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते पूर्ण वाचून होईपर्यंत तिला फडक्याशिवाय काही लावू नका.

कागद आधी

शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम ४५ पुष्कळांनी अर्धवट ऐकलेलं असतं. ‘शंभर वर्षं जुनी आहे, अँटिक आहे, परवाना लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. सूट आहे ती जुनाट धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला, पण ते दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. घोड्याची दुनळी बहुधा दुरुस्त होऊ शकते, म्हणून तिला परवाना लागतो. परवान्याच्या पुस्तकात तिची नोंद ‘डीबीबीएल’ अशी सापडेल, म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी. ‘एसबीएमएल’ लिहिलं असेल तर ती एकनळी, ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची.

परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवून वाट बघत बसू नका. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसाने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. माळ्यावर बिनपरवान्याची सापडली तर आधी वकिलाशी बोला आणि उशीर न करता ती जमा करा.

आणखी एक गोष्ट या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. बंदुकीची दुरुस्ती करण्याचा धंदा कलम ५ खाली परवान्याचा आहे, आणि नळी कापून आखूड करणं कलम ६ खाली. त्यामुळे परवानाधारकाने स्वतःची बंदूक पुसणं, तेल देणं, लाकूड जपणं हे त्याचं काम. कमानी बदलणं, पिन बसवणं, नळ्यांचं सांधकाम हे परवाना असलेल्या गनस्मिथचं. गावातल्या लेथवाल्याकडे ती नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी.

भरलेली आहे असं धरूनच हात लावा

नळ्यांचं तोंड माणसाकडे, घराकडे नाही अशा दिशेला करा. बंदूक उघडत असेल तर उघडून दोन्ही नळ्यांत उजेडाकडे बघा. एक नळी रिकामी दिसली म्हणून दुसरी सोडू नका.

उघडत नसेल किंवा ठासणीची असेल तर काठीची परीक्षा करा. सरळ, बारीक लाकडी काठी नळीत हलकेच सोडा, ठोकू नका. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघा. ठासणीच्या बंदुकीत तिचं टोक निपलपाशी, म्हणजे घोडा पडतो त्या जागेपाशी यायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काही आहे. तो मातीचा गोळा असेल, गांधीलमाशीचं घर असेल, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वी ठासून ठेवलेला बारही असेल. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते. अशा वेळी बंदूक आहे तिथेच ठेवा आणि गनस्मिथला किंवा पोलिसांना बोलवा. तो बार घरी काढायचा प्रयत्न कोणीही करू नये.

उघडण्याआधी एक सवय लावून घ्या. जुन्या धाटणीच्या लॉकमध्ये, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेत, घोडा पडल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या पिनवर टेकूनच राहतो, पिनचं टोक पुढे आलेलं असतं. तसंच उघडायला गेलात की ते टोक काडतुसाच्या किंवा नळीच्या बुडाला अडकतं आणि मोडतं. म्हणून उघडण्याआधी दोन्ही घोडे अर्ध्या खाचेवर चढवायचे, पहिली ‘टिक’ ऐकू येईपर्यंत. नुसतं घोडे ओढून चाप दाबत बसण्याची आपल्याकडे पाहुण्यांना फार हौस असते. ते पहिल्या दिवसापासून बंद करा. रिकाम्या नळीवर पडणारा घोडा पिना आणि कमान्या दोन्ही मोडतो.

ओळख: लांबून जवळ या

आधी दोन हात अंतरावरून बघा. घोड्यांखाली निपल असतील तर ठासणीची. नळ्यांच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूला बारीक खाच असेल, तर ती पिनफायर: काडतुसाच्या कडेतून एक खिळा वर यायचा आणि घोडा त्यावर पडायचा. पॅरिसच्या काझिमीर लफोशो याने १८३०च्या दशकात ही नळ्या खाली वाकवून बंदूक उघडायची पद्धत रुळवली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्रज कारागिरांनी ती उचलली. १८६०च्या दशकात मध्यावर टोपी असलेलं काडतूस आलं आणि आपण आज जिला घोड्याची दुनळी म्हणतो ती तयार झाली.

आता घोडे बघा. उंच, हंसाच्या मानेसारखे, नेम धरताना डोळ्यांच्या आड येणारे घोडे सहसा जुने. बुटके आणि बाजूला झुकलेले नंतरचे. घोडा हलकेच चढवून, अंगठ्याने धरून खाली आणा. तो खाली टेकल्यावर आपोआप थोडा मागे येऊन थांबत असेल तर ते रिबाउंडिंग लॉक, म्हणजे १८६७ च्या स्टँटनच्या पेटंटनंतरचं काम. बंदूक उघडायची कळ कुठे आहे तेही बघा. चापाच्या कडीवर आडवी बसणारी आणि बाजूला फिरणारी खालची कळ असेल तर ती बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्सच्या १८५९ च्या पेटंटची पद्धत. ती इतकी मजबूत की वरची कळ आल्यावरही स्वस्त आणि दणकट बंदुकांना ती कित्येक दशकं लागत राहिली. म्हणून खालची कळ दिसली की बंदूक फार जुनी, असा निष्कर्ष काढू नका. १८७५ मध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडा आत लपवलेली यंत्रणा आणली, पण घोड्याच्या बंदुका त्यानंतरही बनत राहिल्या. आपल्याकडे शेतकऱ्याला घोडा डोळ्यांनी दिसणं भरवशाचं वाटायचं: चढलाय की उतरलाय ते अंधारातही बोटाला कळतं.

मग पुढचं लाकूड काढा. काही बंदुकांत आडवी पाचर असते, काहींत खटका. पाचर डावीकडून की उजवीकडून निघते ते बघून, लाकडी तुकडा टेकवून हलके दाबा. हातोडी नको. लाकूड निघालं की नळ्या वेगळ्या होतात, आणि त्यांच्या मागच्या टोकाचा सपाट तळ समोर येतो. हे बंदुकीचं जन्मपत्र.

ठसे वाचणं

तो तळ मऊ फडक्याने आणि थेंबभर तेलाने पुसा. खिडकीपाशी बसा, उजेड तिरपा येऊ द्या, भिंग घ्या. अक्षरं अगदीच पुसट असतील तर पांढऱ्या खडूची पूड बोटाने त्यावर फिरवा आणि जास्तीची फुंकून टाका. खोलगट रेषांत पूड राहते आणि आधी नुसता ओरखडा वाटलेला ठसा एकदम मुकुट होऊन समोर येतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जेवायचं विसरून तासभर तिथेच बसलो होतो. फोटो काढा, वेगवेगळ्या कोनांतून, भरपूर.

बहुतेक जुन्या दुनळ्या बर्मिंगहॅमच्या किंवा लिएजच्या निघतात. दोन्ही ठिकाणी सरकारमान्य प्रूफ हाउस होतं: प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवायची, टिकली तर ठसा मारायचा.

बर्मिंगहॅमच्या १९०४ आधीच्या नळ्यांवर मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरं दिसतात. १९०४ पासून मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, आणि नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी झाली असेल तर ‘एनपी’. लंडनच्या नळ्यांवर मुकुटाखाली गुंतवलेली ‘जीपी’ आणि वेगळा ‘व्ही’. ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले तर नळीला तोंडाशी चोक आहे, म्हणजे ती तिथे आतून किंचित अरुंद आहे, आणि बंदूक १८७५ ते १८८७ मधली. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत वर १२ आणि खाली ‘सी’ असेल तर १८८७ नंतरची. टनांत दाब लिहिलेला असेल तर तो १९५४ च्या नियमांनंतरचा ठसा; बंदूक जुनी असून नंतर पुन्हा तपासली गेली असंही त्याचा अर्थ होऊ शकतो.

आकड्यांत नवे लोक हमखास फसतात. हिऱ्यातला १२ हा काडतुसाच्या घराचा आकार, आणि शेजारी सुटा लिहिलेला १२ किंवा १३ हा नळीच्या आतल्या व्यासाचा. बारा बोअरच्या बंदुकीवर १३ दिसला म्हणजे परवान्यात चूक आहे असं नाही. बोअरचा हिशोब शिशावरून आलेला: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास जेवढा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, तो बारा बोअर.

लिएजचा ठसा वर सांगितलाच. मुकुट नसलेली अंडाकृती चौकट १८९३ आधीची, मुकुटासह त्यानंतरची. सोबत दगडी खांबासारखं एक चिन्ह दिसेल, ते लिएज शहराचं पेरॉन.

पट्टीवरच्या नावाला त्यानंतर महत्त्व द्या. ‘मॅन्टन, कलकत्ता’, ‘रोडा, कलकत्ता’ किंवा ‘आर्मी अँड नेव्ही, बॉम्बे’ हे विकणाऱ्याचं नाव. बंदूक पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या एखाद्या अनाम कारखान्यात बनलेली असते. आर्मी अँड नेव्हीची मुंबईतली इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे, आणि आपल्याकडच्या काही दुनळ्या तिथूनच बैलगाडीच्या गावांपर्यंत गेल्या. दुसरीकडे, बेल्जियमच्या कारखान्यांनी इंग्रजी नावांशी मिळतीजुळती नावं सर्रास कोरली. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे त्यातलं प्रसिद्ध. वाचणाऱ्याला ‘वेस्ली रिचर्ड्स’ वाटावं म्हणून. नाव इंग्रजी आणि तळाचा ठसा लिएजचा असेल तर ठशावर विश्वास ठेवा.

नळ्यांवर नागमोडी, घोड्याच्या नालासारखी किंवा कुरळ्या केसांसारखी नक्षी असेल तर त्या दमास्कस नळ्या. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र पिळायच्या, त्याची पट्टी करायची, ती सळईभोवती सापासारखी गुंडाळायची आणि भट्टीत ठोकून सांधायची. म्हणजे अख्खी नळी हा एक लांबलचक सांधा. काळ्या दारूसाठी ती पुरेशी होती. गुळगुळीत साध्या पोलादावर रसायनाने छापलेली खोटी नक्षीही सापडते. पुढच्या लाकडाखालच्या भागात नक्षी एकदम तुटत असेल तर संशय घ्या.

ती उडवायची का

माझं मत ठाम आहे: दमास्कसची किंवा नायट्रोचा ठसा नसलेली बंदूक आजच्या काडतुसाने कधीही उडवू नका. आजच्या काडतुसातली दारू वेगळी, दाबाचा चढ वेगळा. शिवाय जुन्या बारा बोअरचं घर बहुतेक अडीच इंची असतं, आणि आजची पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंची. लांब काडतूस जुन्या घरात बसतं, दरवाजाही लागतो, पण फुटताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. समोरचा हात नळीखाली असतो, हे लक्षात ठेवा.

नायट्रोचा ठसा असला तरी तो ज्या दिवशी मारला त्या दिवसाचा. नंतर कोणी नळी आतून घासून मोठी केली असेल, भिंत पातळ झाली असेल, तर त्या ठशाला अर्थ राहत नाही. गनस्मिथ नळीचा आतला व्यास आणि भिंतीची जाडी यंत्राने मोजतो. इंग्लंडच्या धंद्यात अर्धा मिलिमीटर ही जाडीची तळाची मर्यादा मानतात. मोजणी न करता ‘ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

एक परीक्षा मात्र घरी करता येते. सुट्या केलेल्या नळ्या तळाच्या हुकात दोरी घालून टांगा आणि लाकडी चमच्याने हलकी टिचकी मारा. देवळातल्या छोट्या घंटेसारखा नाद घुमला तर दोन नळ्यांमधलं झाळकाम पक्कं आहे. मडक्यावर मारल्यासारखा ‘ठप’ आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि आत पाणी गेलं आहे.

जपणूक: जेवढं कमी तेवढं बरं

गंज दोन तऱ्हेचा. तपकिरी, एकसारखा, बोटाला न लागणारा तो जुना थर. त्याला हात लावायचा नाही. लाल, भुसभुशीत, फडक्याला लागणारा तो जिवंत गंज, तो काढायचा. त्या जागेवर पातळ तेल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग तांब्याच्या पट्टीची कड घ्या. आजीच्या पेटीतला ढब्बू पैसा असेल तर त्याच्यासारखं हत्यार नाही. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज खरवडला जातो आणि नळीला ओरखडा पडत नाही. फारच झालं तर सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल तेलात भिजवून. सँडपेपर, वायर ब्रश, आम्लाचे गंजनाशक, चिंच-लिंबू, काहीही नको.

नळ्या आतून पितळी ब्रश आणि कापडाच्या चिंध्यांनी, नेहमी मागच्या बाजूने. आत बारीक खड्डे दिसले तर ते खड्डे तसेच राहू द्या. ते घासून काढायचे म्हणजे भिंत पातळ करायची.

नळ्या ‘काळ्या करून देतो’ असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, कशाने? उकळत्या कॉस्टिकच्या हौदात बुडवून करत असेल तर नम्रपणे बंदूक परत घ्या. ते द्रावण दोन नळ्यांमधलं मऊ झाळकाम खातं, आणि दमास्कसची तर नासाडीच करतं. जुनी रीत हळू गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा चढवण्याची आहे. ती जाणणारा मिळाला तर ठीक, नाहीतर आहे तो रंग छान आहे.

स्क्रू हा मोठा विषय आहे आणि इथे घाईला जागा नाही. इंग्रजी बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात. बाजारातला पाचरीसारखा स्क्रूड्रायव्हर घातला की कडा फाटतात आणि त्या जखमा कायमच्या. पात्याची कड खाचेत तंतोतंत, घट्ट बसेल अशी घासून घ्यावी लागते. गनस्मिथकडे बंदूक देताना त्याच्याकडचे स्क्रूड्रायव्हर बघा. त्यावरून माणूस कळतो. लॉक उघडायचं काम त्याचंच. आतली इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची कमान पक्कडीने दाबली की मोडते, आणि तशी नवी घडवणारे हात फार थोडे उरले आहेत.

लाकडावर मात्र तुम्हाला मनसोक्त वेळ घालवता येईल. दस्ता बहुधा अक्रोडाचा. लोखंडाला टेकणारा त्याचा भाग काळा आणि मऊ झालेला दिसतो, कारण वर्षानुवर्षं बंदूक उभी ठेवली आणि तेल खाली झिरपत राहिलं. खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून त्या भागावर लेप द्या. वाळत जाताना पूड पिवळी, मग तपकिरी होते: लाकडातलं तेल ती ओढून घेते. झाडून टाका, पुन्हा लावा. आमच्या दस्त्याला सात लेप लागले. खिडक्या उघड्या ठेवा, चूल-गॅस जवळ नको.

दबल्याच्या खुणा वाफेने उठतात. ओलं सुती फडकं खळगीवर ठेवून इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर येणार नाहीत, तिथे थांबा. दस्ता घासू मात्र नका. मूळ कारागिराने लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं, ते घासलं की कडा लोखंडाखाली जाते आणि परत येत नाही. मुठीवरच्या जाळीतला मळ जुन्या टूथब्रशने काढा.

शेवटी जवसाचं तेल. चार थेंब तळहातावर घ्या आणि हात गरम होईपर्यंत चोळा. जास्तीचं पुसून टाका, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पुढचा हात. दहा-बारा हातांनंतर लाकूड आतून बोलायला लागतं. वार्निशचा चकचकीत थर महिन्याभरात मिळतो, पण त्याखाली अक्रोडाच्या रेषा मेलेल्या दिसतात.

पावसाळा

कोकणात बंदूक मारून-झिजून खराब होत नाही, चार महिन्यांच्या ओलीने होते. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत ती कधीच ठेवू नका. खोळ ओल धरते. कोरड्या सुती कापडात, कुलपाच्या लोखंडी कपाटात, आडवी नाहीतर नळ्यांचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि त्या मधूनमधून तव्यावर गरम करून वाळवा. दर पंधरवड्याला तेलाचं फडकं फिरवा. हाताचा घाम लागलेला बोटाचा ठसा आषाढात चार दिवसांत गंज धरतो.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर देण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून ग्रीसचा जाड थर द्या, तेल लावलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. ठसे, क्रमांक आणि दस्त्याच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, पावतीवरचा क्रमांक तळाच्या क्रमांकाशी तिथेच उभं राहून ताडून बघा. परत आणली की त्याच दिवशी ग्रीस काढा, दोन्ही नळ्यांत पुन्हा उजेडाकडे बघा, आणि मगच कपाटात ठेवा.